हलके चाक आणि गाडीची थरथर

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात तीन दिवस कोणी धड जेवले नाही, आणि त्याला कारण होते एक लोखंडी चाक. माझा थोरला भाऊ कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये मिस्त्री आहे. त्याच्याकडे एका हौशी गिऱ्हाइकाची गाडी आली होती. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, हाताने टाकायचे गिअर. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून साहेबांनी इंजिनाची ताकद आधीच वाढवून घेतली होती. वाढलेली ताकद जुन्या क्लचला पेलेना. रेस दिली की इंजिन ओरडायचे आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळायची. म्हणून त्यांनी परदेशातून जादा दाबाचा क्लच आणि त्याच्या जोडीला हलके फ्लायव्हील मागवले. दादाने दोन दिवस खपून ते बसवले. तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात.

"मिस्त्री, गाडी थरथरतेय. उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड येते आणि जरा पळवली की सीटला मुंग्या येतात. आधी असलं काही नव्हतं."

मालक म्हणाले, गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा तर मजुरी कोणाच्या पगारातून? दादा काहीच बोलला नाही. तो असा गप्प बसला की आम्हाला भीती वाटते.

मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला इतिहास घेऊन शिकतो. यंत्राशी माझा संबंध डबा पोचवण्यापुरता. पण दादाने दहावीनंतर हातात पान्हा घेतला म्हणून माझ्या हातात पुस्तक आले. तेव्हा चूक त्याची नाही, त्या परदेशी मालाची आहे, हे सिद्ध करायचेच असा हट्ट धरून मी वाचनालयातून ऑटोमोबाईलचे एक जाडजूड पुस्तक घरी आणले. शास्त्र शाखेतला एक मित्र गणिते तपासायला बसवला. त्यातून जे समजले ते माझ्यासारख्याच, यंत्राला बिचकणाऱ्या वाचकांसाठी येथे मांडतो.

प्रथम फ्लायव्हील म्हणजे काय ते पाहू. इंजिन एकसारखे फिरते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते धक्क्याधक्क्याने फिरते. ज्यांनी गावाकडे विहिरीवरचे जुने एका सिलिंडरचे डिझेल इंजिन पाहिले असेल, त्यांना त्याची ती भली मोठी जड चाके आठवत असतील. त्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकच स्फोट होतो. उरलेला सगळा वेळ, म्हणजे हवा आत घेणे, ती दाबणे आणि धूर बाहेर टाकणे, ही कामे चाकाने साठवून ठेवलेल्या जोरावर चालतात. चाक काढून घेतले तर पहिल्या स्फोटानंतर इंजिन दाबाच्या फेऱ्यातच अडकून बंद पडेल. आजीचे जाते असेच चालते. हाताचा जोर अर्ध्या फेऱ्यापुरता. उरलेला अर्धा फेरा दगड स्वतःच्या वजनाने काढतो.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८५० फेरे घेत असेल तर मिनिटाला १,७०० स्फोट, म्हणजे सेकंदाला सुमारे २८. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पुढे धावतो आणि पुढच्या दाबाला किंचित मागे ओढला जातो. क्रँकच्या टोकाला जड चाक असेल तर हा हिसका त्यात मुरतो. ते हलके केले तर हिसका पुढे गिअरबॉक्सपर्यंत जसाच्या तसा पोचतो.

मग लोक ते हलके का करतात? हा प्रश्न मी दादाला विचारला तेव्हा तो म्हणाला, "पिकअपसाठी," आणि त्याने जुने चाक माझ्या हातात दिले. मी ते खाली ठेवताना त्याच्या तोंडावरची एक बारीक खुंटी तळव्याला रुतली, ती अजून आठवते. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर जुने चाक साडेबारा किलो भरले आणि त्याच जातीचे नवे चाक, खोक्यावर छापल्याप्रमाणे, साडेसहा किलो. सहा किलोचा फरक. पण फिरणाऱ्या वस्तूचे वजन साध्या काट्यावर कळत नाही. ते मध्यापासून किती दूर आहे यावर सगळे अवलंबून असते, आणि तेही वर्गाच्या पटीने. अंतर दुप्पट तर परिणाम चौपट. हे सहा किलो मध्यापासून सरासरी दहा सेंटिमीटरवर होते असे धरून आम्ही गणित मांडले. पहिल्या गिअरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिन सुमारे तेरा वेळा फिरते. त्या हिशेबाने पहिल्या गिअरमध्ये वेग घेताना गाडीतून शंभर-एकशेदहा किलो ओझे उतरल्यासारखे होते, म्हणजे दोन माणसे उतरल्यासारखे! आणि वरच्या गिअरमध्ये? पाचेक किलो. आमच्या मित्राने हा आकडा दोनदा तपासला. थोडक्यात, हलक्या चाकाने इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही. खालच्या गिअरमध्ये ती लवकर हाताला येते, एवढेच. शर्यतीत कोपरा आला की गिअर खाली, पुन्हा वर, असा खेळ सतत चालतो. तेथे याचा उपयोग खरा. रंकाळ्यावर फेरी मारायला किती उपयोग, हे साहेबांनाच ठाऊक.

आता खरी मेख. जुने चाक नुसते जड नव्हते, ते दुहेरी होते. अशी दुहेरी फ्लायव्हील जर्मनीतील लुक या कंपनीने १९८५ साली मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि आज असंख्य गाड्यांत ती असतात. त्यात एकापुढे एक अशा दोन तबकड्या असतात. एक क्रँकला पक्की, दुसरी क्लचच्या बाजूला; आणि दोहोंच्या मध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब, कमानीसारख्या वाकलेल्या स्प्रिंगा. पहिली तबकडी इंजिनाचे हिसके खाते, स्प्रिंगा ते जिरवतात आणि दुसरी तबकडी जवळजवळ शांत फिरते.

हे समजायला मला एक प्रयोग करावा लागला. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी घेतली आणि टोकाला दगड बांधून लोंबता धरला. हात खूप भराभर वरखाली केला तर दगड जवळपास जागेवर राहतो. हात सावकाश करत आणला की एक वेळ अशी येते की दगड हातापेक्षाही जास्त उड्या मारू लागतो. प्रत्येक स्प्रिंग आणि वजनाच्या जोडीचा असा एक लाडका ठेका असतो. दुहेरी चाकाची सारी करामत अशी की हा ठेका इंजिनाच्या उभ्या चालीपेक्षाही खाली ठेवलेला असतो. त्यामुळे इंजिन चालू असताना तो लागतच नाही. सुरू करताना आणि बंद करताना क्षणभर काय तो पार करावा लागतो. म्हणूनच अशा चाकाच्या स्प्रिंगा झिजल्या की गाडी बंद करताना शेवटचा एक मोठा हादरा बसतो.

एकसंध हलके चाक बसवले की हे सगळे जाते. स्प्रिंगा उरतात त्या फक्त क्लच प्लेटच्या मध्यभागी, बोटभर लांबीच्या. त्या फार थोडे वळतात आणि त्यांचा लाडका ठेका नेमका गाडी चालवण्याच्या वेगात येऊन पडतो. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुहेरी चाकाबरोबर येणाऱ्या कित्येक क्लच प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा नसतातच, कारण ते काम चाक करत असते. एखाद्याने चाक एकसंध बसवले आणि प्लेट जुन्याच धर्तीची, बिनस्प्रिंगाची ठेवली, तर इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये धक्का जिरवणारे काहीच उरत नाही. मी धावत जाऊन दादाला हे विचारले. तो माझ्याकडे पाहून प्रथमच हसला. "स्प्रिंगवालीच प्लेट टाकलीया. एवढं कळतंय मला."

मग खडखड कसली? तर आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सर्व गिअरांचे दात कायम एकमेकांत अडकलेले असतात. त्यातला एकच शाफ्टला जखडला जातो, बाकीचे मोकळे फिरत राहतात. दातांच्या मध्ये केसाएवढी फट ठेवावीच लागते, नाहीतर तेल शिरणार कोठून? शाफ्ट सारखा फिरला तर मोकळे दात एका बाजूला टेकून निमूट फिरतात. हिसक्याने फिरला तर ते फटीत मागेपुढे आपटतात. जाते संथ ओढले तर आजीच्या बांगड्या वाजत नाहीत, हिसका दिला की वाजतात; तसेच हे. ऐकायला भयंकर वाटते, पण नुकसान सहसा काही नसते. पोर्शे कंपनीने ९११ कॅरेरा गाडीची १९९२ ची आरएस ही हलकी आवृत्ती काढली, तेव्हा साध्या गाडीतले दुहेरी चाक काढून हलके एकसंध चाक कारखान्यातच बसवले. ती गाडी उभी असताना खडखडते, आणि शौकीन लोक त्याच खडखडीवर प्रेम करतात! शौकाची गोष्ट निराळी.

येथवर आलो तेव्हा मला वाटले की मी जिंकलो. चूक दादाची नाही, मालाचा स्वभावच तसा. रात्री जेवताना मी हे सगळे मोठ्या थाटात सांगितले. दादाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "क्लच दाबला की खडखड जाते, म्हणजे ती गिअरातलीच. ती राहणार. पण सीटला मुंग्या येतात त्याचं काय? ते तुझ्या पुस्तकात कुठं हाय?"

ते पुस्तकात होते. मीच पुढचे पान वाचले नव्हते. थरथरीच्या जाती अनेक आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की माणूस फसतो. गाडी उठताना पायाखाली गचके बसत असतील तर दोष बहुधा क्लचच्या पकडीत: प्लेटला तेल लागलेले, चाकाचा तोंडवळा सपाट नाही, किंवा प्लेटला अखंड अस्तराऐवजी चार-सहा चिनी मातीसारखे कडक तुकडे लावलेले, जे अर्धवट पकडतच नाहीत. थरथर गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, इंजिन कितीही फिरो, तर चाके आणि त्यांचे शाफ्ट पाहावेत. आणि गाडी उभी असूनही केवळ इंजिनाचा वेग वाढवला की थरथर वाढत असेल, तर काहीतरी तोल सोडून फिरते आहे.

तोल जाण्याचे गणित मी मुद्दाम देतो, कारण त्यानेच माझी झोप उडवली. मध्यापासून दहा सेंटिमीटरवर फक्त दहा ग्रॅम वजन जादा आहे असे समजा. दहा ग्रॅम म्हणजे दोन नाणी. इंजिन ८०० फेऱ्यांवर असताना ते बाहेरच्या बाजूला पाऊण किलोच्या जोराने ओढते. कोणाला कळणारही नाही. ३,००० फेऱ्यांवर ही ओढ दहा किलो होते आणि ६,००० वर चाळीस किलो! वेग दुप्पट, तर ओढ चौपट. आणि ही ओढ दर फेऱ्याला दिशा बदलत साऱ्या गाडीला हलवते.

त्यात मला अमेरिकेतल्या एका इंजिनाची हकीकत सापडली आणि मी पुन्हा उत्साहात आलो. काही इंजिनांत फ्लायव्हील मुद्दामच एका बाजूला जड ठेवतात, क्रँकचा तोल सांभाळायला. फोर्डच्या ३०२ घनइंची व्ही-८ इंजिनात ही जादा जडाई पूर्वी २८ औंस-इंच होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती ५० करण्यात आली. बाहेरून दोन्ही चाके सारखी दिसतात. नव्या इंजिनाला जुने चाक लावले तर ३,००० फेऱ्यांवर दीड क्विंटलहून जास्त ओढ मोकळी सुटते. परदेशी कंपनीने चुकीचे चाक पाठवले असेल तर? पण दादाने मान हलवली. ओळीत चार सिलिंडर असलेल्या या इंजिनाचे चाक स्वतःपुरते समतोल असते. ती भानगड येथे नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी गॅरेजवर गेलो. गाडी उभी, गिअर न्यूट्रलला. दादाने रेस देऊन इंजिन ३,००० वर धरले. आरसा थरथरत होता. मग त्याने क्लच दाबला आणि पुन्हा ३,००० वर आणले. थरथर तशीच. हे किती साधे आणि किती उपयोगी आहे पाहा. क्लच दाबला की प्लेट सुटते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतो. फिरत राहतात ते फक्त इंजिन, चाक आणि त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट. म्हणजे क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स निर्दोष सुटले. गाडी उभी, म्हणून टायर, शाफ्ट सुटले. मी माझा मोबाईल डॅशबोर्डवर टेकवला; त्यात हादरे मोजण्याचे एक साधन मी घालून घेतले होते. ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. मोबाईलवर बरोबर ५० च्या आकड्यावर उंच सुळका. ३,६०० वर नेले, सुळका ६० वर सरकला. चार सिलिंडरच्या इंजिनाची जी जन्मजात थरथर असते ती फेऱ्याला दोनदा असते, म्हणजे १०० वर दिसायला हवी. ही फेऱ्याला एकदाच होती. तोल गेलेल्या वस्तूचीच ही खूण.

रविवारी गिअरबॉक्स उतरवला. दादाने डायल गेज लावून चाक हाताने फिरवले. काटा जेमतेम हलला. चाक सरळ होते. मग त्याने गेज प्रेशर प्लेटच्या कडेला लावला आणि काटा इकडून तिकडे धावला. प्लेट मध्यापासून सरकलेली होती. दादा बराच वेळ तेथे बसून राहिला. मग उठला, कोपऱ्यात पडलेले जुने चाक उलटे केले आणि मला दाखवले. त्याच्या तोंडावर तीन बारीक पोलादी खुंट्या होत्या. त्यातलीच एक माझ्या तळव्याला रुतली होती. नव्या चाकावर त्या जागी तीन रिकामी भोके.

या खुंट्यांना डॉवेल पिन म्हणतात. बोल्टचे काम दाबून धरण्याचे. बोल्टाच्या भोकात थोडी सैलाई ठेवलेलीच असते. वस्तू नेमकी मध्यावर बसवण्याचे काम पिनांचे. पिना नसतील तर बोल्ट आवळताना प्रेशर प्लेट जिकडे सरकेल तिकडे बसते. पाच किलोची प्लेट तीन दशांश मिलिमीटर सरकली, म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, तर मघाच्या दोन नाण्यांच्या दीडपट तोल जातो. ६,००० वर साठ किलोची ओढ. नव्या चाकाच्या खोक्यात दादा आता आपले पान्हे ठेवत होता. ते रिकामे केले, तळाचा स्पंज उचलला. खाली प्लॅस्टिकची चिमुकली पुडी होती आणि पुडीत तीन पिना.

मला काय बोलावे सुचेना. मी म्हणालो, "खोक्यात कागद नव्हता, नाहीतर तुला कळलं असतं." दादा म्हणाला, "भोकं दिसत हुती की मला."

पिना ठोकल्या, प्लेट बसवली, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. गेजचा काटा शांत. गिअरबॉक्स चढवून रात्री आठ वाजता इंजिन सुरू केले, ३,००० वर धरले. आरशातले दिवे स्थिर होते. उभ्या चालीवरची खडखड मात्र तशीच.

सोमवारी साहेब आले तेव्हा दादाने दोन्ही गोष्टी सांगितल्या: थरथर माझ्यामुळे होती, पिना राहिल्या होत्या, ती काढली, खडखड चाकाची आहे, ती मला काढता येणार नाही. साहेबांनी स्वतः क्लच दाबून, सोडून पाहिला. "म्हणजे ही कायमची?"

"जुनं चाक परत बसवलं तर जाईल साहेब. न्हाईतर इंजिनाची उभी चाल जरा वाढवून घ्या, कमी होईल."

त्यांनी हलके चाकच ठेवले आणि कॉम्प्युटरवाल्याकडून उभी चाल ८५० ची ९५० करून घेतली. खडखड निम्म्यावर आली असे ते पुढच्या महिन्यात ऑइल बदलायला आले तेव्हा म्हणाले. मालकांनी दुसऱ्या वेळच्या उतरवण्याची मजुरी दादाच्या पगारातून कापली. दादाने वाद घातला नाही. जुने चाक साहेबांनी पोत्यात घालून नेले, पुढेमागे गाडी विकताना लागेल म्हणून; त्यातल्या तिन्ही पिना दादाने आधी बोटाने चाचपून पाहिल्या.